दाताला औषध, दिवसाला पथ्य

अडीच-तीन वर्षांच्या मुलाचे वरचे पुढचे दात किडलेले दिसले, की बहुतेक घरांत ‘दुधाचेच आहेत, पडणारच आहेत’ म्हणून विषय मिटतो. जिथे मिटत नाही तिथे मोबाइलवर शोधाशोध सुरू होते आणि लवंगेचं तेल, तिळाच्या तेलाच्या गुळण्या, धान्य बंद करून तूप-लोणी, फ्लोराइड (कीड रोखणारं खनिज) नसलेली ‘नैसर्गिक’ पेस्ट अशी यादी हाती लागते. दवाखाना गाठला तर कधीकधी पहिल्याच भेटीत हिशेब मांडला जातो: चार दातांचं रूट कॅनाल, चार कॅप, आणि मूल बसत नसेल तर भूल देऊन सगळं एका दिवसात. या मुलाच्या तोंडात दिवसातून किती वेळा गोड जातं आणि रात्री झोपण्यापूर्वी शेवटचं काय जातं, हे मात्र यातल्या कुठेच नीट विचारलं जात नाही.

कीड एका दातात दिसत असली तरी तिचं मूळ मुलाच्या अख्ख्या दिनक्रमात असतं. दिनक्रम तसाच ठेवून दात भरले, तर वर्षभरात भरलेल्या दाताच्या कडेला नाहीतर शेजारच्या दातात कीड पुन्हा उभी राहते. उलट, फक्त आहार बदलून पोकळी उघडी ठेवली तर तिच्यात अन्न अडकत राहतं आणि कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत जाते. म्हणून समग्र उपचार हवा असं म्हणणाऱ्या पालकांचं म्हणणं मला पटतं. पण त्या नावाखाली दंतवैद्यच वगळला जातो, तेव्हा त्याची किंमत मूल मोजतं, आणि ती रात्री दोन वाजता ठणकणाऱ्या दाढेच्या रूपात मोजतं.

कीड लागते कशी, हे समजलं की पुढचं बरंचसं सोपं होतं. दातावरच्या पांढुरक्या थरातले जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात. गोड खाल्ल्यावर काही मिनिटांतच दाताच्या पृष्ठभागावरचा पीएच (आम्लता मोजणारा आकडा; तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) साडेपाचच्या खाली उतरतो आणि इनॅमलमधलं, म्हणजे दाताच्या वरच्या कडक आवरणातलं, कॅल्शियम व फॉस्फेट विरघळायला लागतं. लाळ ते आम्ल धुऊन काढते, निष्प्रभ करते, आणि गेलेलं खनिज थोडंथोडं परत भरते. यात साधारण अर्धा-पाऊण तास जातो. त्यामुळे साखर किती खाल्ली याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, ती किती वेळा खाल्ली हे महत्त्वाचं ठरतं. दुधाच्या दातांचं इनॅमल कायमच्या दातांच्या जवळपास निम्म्या जाडीचं असतं आणि आतली नस तुलनेने मोठी व पृष्ठभागाजवळ असते. मोठ्यांच्या दाढेत जी कीड दोन-तीन वर्षं रेंगाळते, ती लहान मुलात काही महिन्यांत नसेपर्यंत पोहोचते.

नाशिकजवळच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आई-वडील पाळीवर जातात आणि मूल आजीकडे किंवा पाळणाघरात असतं, अशा घरातला एक दिवस बघा. सकाळी साखर घातलेलं दूध, तासाभराने चहात बुडवलेला टोस्ट, दहाच्या सुमारास बिस्किटं, दुपारच्या झोपेला बाटली, चारला आजोबांच्या खिशातली चिक्की, संध्याकाळी पुन्हा दूध-बिस्किट, झोपताना परत बाटली. यात कुणीच मुलाला ‘खूप गोड’ दिलेलं नाही. पण सात वेळा पीएच खाली गेला, आणि लाळेला दुरुस्तीसाठी मोकळा वेळ जवळपास मिळालाच नाही. ग्लुकोज बिस्किटाच्या वजनात साधारण चौथा भाग साखर असते, आणि ते ओलं होऊन दाढांच्या खाचांत लगद्यासारखं बसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015च्या मार्गदर्शक सूचनेनुसार वरून घातलेली साखर एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत आणि शक्यतो 5 टक्क्यांच्या आत हवी. तीन वर्षांच्या मुलासाठी 5 टक्के म्हणजे दिवसाला जेमतेम तीन-चार चहाचे चमचे. वरच्या दिवसात तेवढी साखर सकाळीच संपते.

पहिली खूण काळी नसते, पांढरी असते. मुलाला उजेडात झोपवून वरचा ओठ बोटाने वर उचला आणि हिरडीलगतची दाताची कड कापडाने पुसून कोरडी करा. तिथे खडूसारखी निस्तेज पांढरी रेघ दिसली तर कीड सुरू झाली आहे. ती वरच्या चार पटाशीच्या दातांपासून सुरू होते, कारण बाटलीतलं किंवा अंगावरचं दूध तिथेच साचतं. खालच्या पुढच्या दातांवर जीभ असते आणि जिभेखालच्या ग्रंथींची लाळ त्यांना सतत धूत असते, म्हणून ते बहुधा वाचतात. वरच्यांनंतर पाळी येते दाढांची. लोहाचे थेंब चालू असतील तर दातांवर काळपट डाग येतात. ती कीड नसते, दंतवैद्याकडे पॉलिश करून ते निघतात. पांढऱ्या रेघेच्या टप्प्यावर नुकसान भरून येऊ शकतं. पोकळी पडल्यावर दात पुन्हा पूर्वीसारखा होत नाही, कुठल्याही आहाराने नाही आणि कुठल्याही पेस्टने नाही.

‘आमच्या मुलीचा दात घरच्या उपायांनी बरा झाला’ असं सांगणारे खोटं बोलत नसतात. साखर खरोखर थांबली आणि दात रोज घासला गेला, तर उघड्या पोकळीचा मऊ, पिवळट-तपकिरी तळ हळूहळू कडक, गडद आणि चकचकीत होतो. कीड तिथे थांबलेली असते. श्रेय मात्र त्याच काळात सुरू केलेल्या तेलाला किंवा चूर्णाला मिळतं. आहाराने कीड बरी होते या दाव्याच्या मुळाशी ब्रिटिश संशोधक मे मेलनबी यांचं काम आहे. 1920-30च्या दशकांत त्यांनी इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि धान्य कमी असलेला आहार यांचा मुलांच्या किडीवर काय परिणाम होतो हे पाहिलं होतं. ते काम मोलाचं आहे. पण ते फ्लोराइड पेस्टच्या आधीच्या काळातलं, मोजक्या मुलांवरचं आणि मुडदूस सर्रास असलेल्या समाजातलं होतं. त्यावरून आज नाशकातल्या आईला ‘पोळी-भाकरी बंद करा’ सांगणं चूक आहे. वाढत्या मुलाची पोळी-भाकरी तोडली तर त्याची जागा बहुधा पाकिटातल्या गोडाने भरली जाते.

ड जीवनसत्त्वाचा मुद्दा मात्र टाकून देऊ नये. पहिल्या वर्षात बाळाला रोज 400 आययू (जीवनसत्त्व मोजण्याचं एकक) मिळेल इतके थेंब द्यावेत हा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे आणि तो कित्येक घरांत चार-सहा महिन्यांतच सुटतो. ते थेंब तयार होत असलेल्या दातांना उपयोगी पडतात. पडलेल्या पोकळीवर त्यांचा इलाज नाही, म्हणून मनाने मोठे डोस देऊ नयेत.

खाण्याच्या बाबतीत आपल्या नाशिक जिल्ह्याकडे चांगलं बरंच आहे आणि ते वाया घालवायची सवयही आहे. पेठ, सुरगाणा, इगतपुरी, त्र्यंबकेश्वरची नागली घ्या. तिच्या 100 ग्रॅममध्ये साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. पण तिचं सत्त्व गूळ घालून, बाटलीतून, झोपताना पाजलं तर दातांच्या दृष्टीने ते गोड दूधच झालं. तीच नागली भाकरी म्हणून, किंवा ताक-मीठ घालून आंबील म्हणून जेवणाच्या वेळी द्यावी. जंतूंना गूळ, खडीसाखर, मध आणि साखर यांत फरक कळत नाही, आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला तर गुटीतूनही मध देऊ नये. त्यातून बॉट्युलिझमचा, म्हणजे जंतूंच्या विषाने होणाऱ्या गंभीर आजाराचा, धोका असतो. निफाड-दिंडोरीची ताजी द्राक्षं जेवणानंतर खायला हरकत नाही (लहान मुलाला उभी चिरून, नाहीतर घशात अडकतात), पण बेदाणे आणि खजूर ‘पौष्टिक खाऊ’ म्हणून दिवसभर चघळायला दिले तर ते दाढांना चिकटून बसतात. नियम एवढाच ठेवावा: तीन जेवणं, दोन मधली खाणी, आणि त्यांच्या मध्ये फक्त पाणी. मधल्या वेळी शेंगदाणे भरडून, फुटाण्याचं पीठ ताकातून, उकडलेलं अंडं, पनीर, काकडी, दही-भात. गोड द्यायचंच तर जेवणासोबत द्यावं, म्हणजे आम्लाचा एकच फेरा होतो. सर्दी-खोकल्याची गोड सिरपंही यात मोजावीत. ती झोपवताना पाजली तर नंतर दात पुसावेत.

रात्रीचं दूध सगळ्यात अवघड. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, त्यामुळे तोंडात राहिलेलं दूध तासन्‌तास तिथेच असतं. बाटली एकदम काढून घेतली की घरभर रडारड होते आणि तिसऱ्या रात्री ती परत येते. म्हणून आधी साखर कमी करायची: चार-पाच दिवसांत दोन चमच्यांवरून शून्यावर. मग दर तीन दिवसांनी पाव भाग दूध काढून तेवढं पाणी घालत जायचं. दोन आठवड्यांत बाटलीत साधं पाणी उरतं, आणि पाण्यासाठी मूल फारसं हट्ट करत नाही. दिवसाचं दूध एक वर्षानंतर पेल्याने. अंगावरच्या दुधाबाबत आयांना फार लवकर दोषी ठरवलं जातं. सासरी ‘तुझं दूध गोड, म्हणून दात किडले’ ऐकून कित्येक जणी स्तनपान तोडतात, आणि हे मला अन्यायाचं वाटतं. पहिल्या वर्षात स्तनपान दातांचं संरक्षणच करतं, आणि दोन वर्षांपर्यंत व पुढेही ते चालू ठेवायला जागतिक आरोग्य संघटना सांगते. वर्षानंतर रात्रभर अंगावर पिणं आणि दिवसभर बिस्किटं हे दोन्ही एकत्र आले की धोका वाढतो. अशा वेळी बिस्किटं काढायची, झोपण्यापूर्वी दात घासायचे आणि रात्रीच्या वेळा हळूहळू कमी करायच्या.

फ्लोराइडबद्दल समग्र उपचारवाल्यांशी माझा सरळ मतभेद आहे; ते फ्लोराइडची पेस्ट टाळायला सांगतात. त्यांची भीती पूर्ण निराधार नाही: यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत भूजलातल्या फ्लोराइडने लोकांचे दात आणि हाडं खराब झाली आहेत. पण नाशिक शहर पितं ते मुख्यतः गंगापूर धरणाचं, म्हणजे गोदावरीचं पाणी. पिण्याच्या पाण्यात लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड आपल्या मानकाला मान्य आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 1.5 पर्यंत. घरात बोअरचं पाणी पीत असाल तर ते एकदा तपासून घ्या; तेवढी काळजी पुरे. पेस्टचा हिशेब करून बघा. 1000 पीपीएम म्हणजे एका ग्रॅमला 1 मिलिग्रॅम फ्लोराइड. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट लागते, म्हणजे साधारण 0.1 ग्रॅम, आणि तिच्यात 0.1 मिलिग्रॅम फ्लोराइड. सगळी गिळली तरी अडचण नाही. तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर लांब पट्टी दाखवतात ती मुलांसाठी नव्हे. ट्यूब मात्र मुलाच्या हाती लागू देऊ नये. अख्खी ट्यूब चोखली तर विषबाधा होऊ शकते. भारतात पेस्टमध्ये 1000 पीपीएमपेक्षा जास्त फ्लोराइड चालत नाही, आणि ‘लहान मुलांची’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पेस्टमध्ये ते 500च्या आसपास असतं किंवा नसतंच. कीड लागलेल्या मुलासाठी ती पेस्ट कामाची नाही. खोक्यावर सोडियम फ्लोराइड किंवा सोडियम मोनोफ्लुओरोफॉस्फेट हे नाव आणि 1000चा आकडा शोधावा. घरातली मोठ्यांची साधी पेस्ट बहुधा चालते.

घासायचं पालकांनी. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या हाताला ते नीट जमत नाही. दोन मोठी माणसं गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसली, मुलाचं डोकं एकाच्या मांडीवर आणि पाय दुसऱ्याच्या कमरेला, की तोंड वरून पूर्ण दिसतं. एकटं असाल तर जमिनीवर बसून मुलाचं डोकं मांड्यांमध्ये घ्या. एका बोटाने वरचा ओठ उचला, ब्रश हिरडीच्या कडेवर तिरका ठेवून लहान गोल फिरवा, मग दाढांचे वरचे पृष्ठभाग. सगळे मिळून दोन मिनिटं. नंतर थुंकू द्या, पण चूळ भरू देऊ नका. फ्लोराइड जेवढा वेळ दातावर राहील तेवढं चांगलं. सकाळचं एकवेळ चुकलं तरी रात्रीचं चुकू नये, आणि त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही. मूल पहिला आठवडा रडतं. रडताना तोंड उघडं असतं, काम लवकर होतं.

एवढं केल्यावरही पोकळी पडलेला दात घरी सोडून चालणार नाही. मात्र दरवेळी मोठीच कारवाई लागते असंही नाही. पांढऱ्या रेघेवर दर तीन ते सहा महिन्यांनी 5 टक्के सोडियम फ्लोराइडचं वार्निश (पातळ चिकट लेप) लावतात; काम मिनिटभराचं, त्यानंतर त्या रात्री घासायचं नाही. पोकळी असेल पण दात आपोआप ठणकत नसेल, तर 38 टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड (चांदी आणि फ्लोराइड असलेला द्रव) हा माझ्या मते या वयाचा सर्वांत कमी वापरला जाणारा चांगला उपाय आहे. ओठांना व्हॅसलिन लावायचं, दात कापसाने कोरडा करायचा, बारीक ब्रशने द्रव पोकळीत मिनिटभर चोळायचा, जादाचं टिपून घ्यायचं. सुई नाही, ड्रिल नाही. दहापैकी साधारण आठ पोकळ्यांत कीड थांबते. पुढच्या दातांत जास्त, दाढांत कमी, कारण दाढेत अन्न अडकत राहतं. दोन ते चार आठवड्यांनी तळ कडक झाला का हे पाहायचं आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा लावायचं. किडलेला भाग कायमचा काळा होतो, हे लावण्यापूर्वी पालकांना सांगितलंच पाहिजे. ते न सांगितल्यामुळे चांगल्या उपचारावरचा विश्वास उडतो. चांदीची ॲलर्जी असेल, हिरडीवर जखमा असतील किंवा नस गेलेली असेल तर तो वापरत नाहीत. काळा रंग नको असेल तर नंतर वरून ग्लास आयोनोमर (दाताच्या रंगाचं सिमेंट) भरता येतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2021मध्ये फ्लोराइड पेस्ट, ग्लास आयोनोमर आणि हा द्रव अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले.

दाढांसाठी हॉल पद्धत आहे. आधी तीन ते पाच दिवस दोन दाढांमध्ये लहान रबरी कडी बसवून जागा करतात, मग न कोरता आणि इंजेक्शन न देता तयार धातूची कॅप सिमेंट भरून दाबून बसवतात. मूल कापसावर चावतं आणि कॅप जागेवर जाते. आत बंद झालेल्या जंतूंना साखर मिळत नाही, आणि कीड थंडावते. चावा काही दिवस उंच लागतो, मग आपोआप जुळतो. अट अशी की नसेला सूज नसावी आणि एक्सरेत कीड व नस यांच्यामध्ये निरोगी थर दिसावा. रात्री झोपेतून उठवणारा ठणका, हिरडीवर पुटकुळी, हलणारा दात असेल तर मात्र नसेचे उपचार किंवा दात काढणं आलं. दाढ लवकर काढली तर मोकळ्या जागेत शेजारचा दात सरकतो, म्हणून जागा राखणारी पट्टी लागते की नाही हे विचारावं. दुधाच्या शेवटच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत लागतात. ‘पडणारच आहेत’ म्हणताना तीन वर्षांच्या मुलाने आणखी सात-नऊ वर्षं त्यांनीच चावायचं असतं.

भूल देऊन सगळे दात करणं कधीकधी योग्य असतं: नसेपर्यंत गेलेले अनेक दात, वेदना, फार लहान वय किंवा विशेष गरजा असलेलं मूल. पण तिथे खाण्या-पिण्याची चौकशी न करता मूल घरी पाठवणारा उपचार मला अर्धवट वाटतो.

काही गोष्टींना ठाम नकार द्यावा. लवंगेचं तेल लहान मुलाच्या तोंडात सोडू नये. थोडंसं गिळलं तरी लहान मुलाच्या यकृताला गंभीर इजा होऊ शकते. तेलाच्या गुळण्यांत तेल श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. ठणकणाऱ्या दाढेवर मिसरी किंवा ॲस्पिरिनची गोळी दाबू नये. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन ‘किडे’ पाडून दाखवतात, ते त्या बियांमधलेच अंकुर असतात. दातात कधीच असा किडा नसतो. दुखत असेल तर वजनाच्या हिशेबाने पॅरासिटामॉल, किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम, आणि दुसऱ्या दिवशी दंतवैद्य. गाल किंवा डोळ्याखाली सूज, ताप, तोंड उघडत नाही, गिळता येत नाही, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय. शेक देत बसू नये.

आता सार्वजनिक बाजू. द्राक्षाच्या हंगामात पेठ-सुरगाण्याहून निफाड-दिंडोरीच्या बागांत आलेल्या मजुरांची मुलं बांधावर कोरा चहा आणि बिस्किटांवर दिवस काढतात. त्यांच्या आईला पेस्टवरचा आकडा वाचायला सांगून काम होणार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013पासून आहे, त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा जातात आणि दातांचे आजार त्यांच्या यादीत आहेत. प्रत्यक्षात तपासणी आणि पुढे पाठवण्याची चिठ्ठी यावर काम थांबतं, आणि पेठच्या पाड्यावरून बुडालेल्या मजुरीवर नाशिकला येणं त्या चिठ्ठीने होत नाही. माझी मागणी साधी आहे. नवव्या आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या लसीकरणाला ओठ उचलून पाहणं आणि वार्निश लावणं जोडावं. अंगणवाडीतल्या आहारातलं गोड जेवणाच्या वेळेलाच द्यावं, आणि जेवणानंतर मुलांचे दात वाटाण्याएवढ्या किंवा तांदळाएवढ्या फ्लोराइड पेस्टने ताईंच्या देखरेखीखाली घासले जावेत. पथकासोबत दंतवैद्य द्यावा. नाशकात आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय आहे, पंचवटीत दंत महाविद्यालय आहे; प्रशिक्षणार्थी दंतवैद्यांच्या ग्रामीण फेऱ्या या पथकांना जोडणं जिल्हा परिषदेला आणि विद्यापीठाला एकत्र बसून ठरवता येईल. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडला वीज लागत नाही, खुर्ची लागत नाही, आणि एका थेंबात चार-पाच दातांचं काम होतं. सोबत मराठीत छापलेलं संमतीपत्र हवं, त्यावर काळ्या झालेल्या दाताचा रंगीत फोटो हवा, आणि सही घेण्याआधी तो फोटो आईच्या हातात द्यायला हवा.